वजन आणि शील

रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर पूर्वी वजनाची यंत्रे उभी असत. बदलीच्या नोकरीत ज्यांनी इटारसी, भुसावळ यांसारख्या जंक्शनांवर गाडीची वाट पाहत रात्री काढल्या आहेत, त्यांना ती आठवतील. रंगीत दिवे लुकलुकत, आतले चाक स्थिर होईपर्यंत थांबावे लागे, मग नाणे टाकले की खट् असा आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचे एक लहानसे तिकीट खाली पडे. त्यावर वजन छापलेले असे, आणि त्याच तिकिटावर पुष्कळदा आपला स्वभाव किंवा भविष्यही असे. आपण उदार आहात, मित्रांवर फार विश्वास टाकता, लवकरच प्रवास घडेल. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला प्रवासाचे भविष्य सांगण्यास यंत्राला फारसे कष्ट पडत नसावेत! मुले आधी स्वभाव वाचीत, आणि मोठी माणसे आधी वजन पाहत.

ती यंत्रे बहुतेक ठिकाणांहून गेली. परंतु देहाचे वजन आणि मनाचा स्वभाव एकाच तिकिटावर छापण्याची वृत्ती मात्र गेलेली नाही. अखिल भारतीय सेवांतील जे अधिकारी चाळिशी ओलांडतात, त्यांच्या वार्षिक मूल्यमापनाच्या अहवालाला वैद्यकीय तपासणीचा सारांश जोडावा लागतो. त्याच अहवालात सचोटीबद्दलही एक रकाना असतो. शासनाच्या दृष्टीने यात काही गैर नाही. आपला अधिकारी निरोगी असावा असे सरकारला वाटणे स्वाभाविकच आहे, आणि एरवी जे वैद्याकडे फिरकलेही नसते त्यांना त्यामुळे वर्षातून एकदा तरी रक्त द्यावे लागते. पण ती दोन पाने एकाखाली एक लागलेली पाहिली म्हणजे एक प्रश्न मनात येतो आणि तो सहजासहजी जात नाही. माणसाचे वजन हा त्याच्या शीलाचा पुरावा होऊ शकतो काय?

आपली भाषा या बाबतीत दुटप्पी आहे. मूल जाड असले तर त्याने बाळसे धरलेले असते. जावई भरदार असला तर तो खात्यापित्या घरचा ठरतो. रजेवर घरी गेलेल्या माणसाला दारातच ऐकावे लागते, "किती बारीक झालास रे! तिकडे काही खायला मिळते की नाही?" हे वाक्य ऐकताना पट्ट्याचे शेवटचे भोक वापरात असले तरी बोलणाऱ्या मावशीला त्याचे काही नसते, तिच्या लेखी परमुलूख म्हणजे उपासमारच. उलट याच भाषेत पोट "सुटते". या क्रियापदाकडे थोडे लक्ष द्यावे. जे सुटते ते कोणीतरी धरून ठेवावयास हवे होते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. दावे सुटते, तोल सुटतो, ताबा सुटतो. म्हणजे पोट सुटलेला मनुष्य हा राखणदारीत चुकलेला मनुष्य होय, असा निवाडा आपण क्रियापदातच देऊन टाकलेला असतो. पुढे त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गरजच उरत नाही.

आता हा निवाडा भाषेच्या हातून शास्त्राच्या हाती गेला आहे, असे पुष्कळांना वाटते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जो आकडा मिळतो त्याला बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि ७२ किलो वजनाच्या माणसाचा हा निर्देशांक २४.९ येतो. हा भागाकार प्रथम सुचविणारा गृहस्थ वैद्य नव्हता, हे सांगितले तर काहींना आश्चर्य वाटेल. आदोल्फ केतले हा बेल्जियममधील ज्योतिर्विद होता. ब्रुसेल्सची वेधशाळा त्याने उभी केली. प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे निरीक्षण त्याने १८३२ च्या सुमारास मांडले. लठ्ठपणा मोजणे हा त्याचा हेतू नव्हता. त्याला शोधावयाचा होता तो "सरासरी मनुष्य".

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आमच्या मते पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ या ठिकाणी आहे. एका ताऱ्याचे स्थान वेधशाळेत अनेकदा मोजले तर प्रत्येक वेळी किंचित निराळा आकडा येतो. या आकड्यांची सरासरी काढली की ताऱ्याच्या खऱ्या स्थानाजवळ पोचता येते, आणि सरासरीपासून जे जे दूर असते ती मोजणाऱ्याची चूक. केतलेने हीच रीत माणसांना लावली. पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे त्याने मांडली, तेव्हा ती त्याला ताऱ्याच्या वेधांप्रमाणेच मध्याभोवती पसरलेली दिसली. जणू निसर्गाला एकच सैनिक घडवावयाचा होता आणि उरलेले सारे त्या प्रयत्नातील लहानमोठे प्रमाद होते! परंतु एका ताऱ्याचे हजार वेध आणि हजार माणसांचा प्रत्येकी एक वेध या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात मध्यभागी एक खरी वस्तू आहे. दुसऱ्यात मध्यभागी कोणीच नाही. सरासरी मनुष्य आजवर कोणाला भेटलेला नाही, त्याने कधी आंबा खाल्ला नाही की त्याला कधी बदलीचा हुकूम आला नाही. तरीही सरासरी म्हणजे आदर्श आणि आदर्श म्हणजे सद्गुण, अशा दोन पायऱ्या आपण नकळत चढून जातो, आणि वर पोचल्यावर खाली उभ्या असलेल्या जाड माणसाकडे पाहू लागतो.

या निर्देशांकाला त्याचे आजचे नाव १९७२ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. समूहांचा अभ्यास करण्यास हा सोपा भागाकार बरा पडतो, एवढाच त्यांचा दावा होता. पुढे त्यावर रेषा आखल्या गेल्या, आणि त्या सरकतही गेल्या. अमेरिकेत १९९८ साली अतिवजनाची रेषा २५ वर आणण्यात आली. त्याआधी ती पुरुषांसाठी २७.८ होती. कोट्यवधी माणसे एका रात्रीत, एकही घास अधिक न खाता, अतिवजनी ठरली. आशियातील लोकांना कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, असे दिसून आल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली २३ हा आणखी एक सावधगिरीचा टप्पा सुचविला. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी तर २३ च्या पुढे अतिवजन आणि २५ च्या पुढे स्थूलता, असेच ठरविले. वर सांगितलेला ७२ किलोंचा गृहस्थ जिनीव्हाच्या मूळ कोष्टकात निर्दोष आहे आणि दिल्लीच्या कोष्टकात अतिवजनी. जिनीव्हाहून दिल्लीस येताना त्याच्या शीलात तर काही फरक पडलेला नसतो!

या बाबतीत एक छायाचित्र प्रसिद्ध आहे, आणि त्याचा संबंध आपल्या पुण्याशी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन हे दोघे मित्र शेजारी शेजारी उभे आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते २००४ साली छापले गेले. दोघांचाही निर्देशांक अगदी एक, २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के भरले आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघे जुळे भाऊ होते. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकेही तपासली. ती सरासरी २.७ किलोंची होती आणि इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. परंतु जे उणे होते ते मुख्यतः स्नायू आणि आतड्या-काळजासारखे अवयव यांत. त्वचेखालची चरबी या अशक्त मुलांनी त्या मानाने चांगली राखलेली होती. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही प्रकृती गर्भातच सिद्ध होते. ज्या मुलाने अजून पहिला श्वासही घेतलेला नाही, त्याच्या मेदाची जबाबदारी आपण कोणाच्या माथी मारणार? त्याच्या आईच्या? तिला पोटभर अन्न मिळाले नाही म्हणून?

येथवर वाचून आमच्या स्थूल वाचकांना हायसे वाटले असेल, तर त्यांना थोडे निराश करणे आमचे कर्तव्य आहे. मापाची पट्टी वाकडी आहे यावरून मोजलेली वस्तू खोटी ठरत नाही. पोटाच्या आत, यकृताभोवती आणि यकृतातही साठलेला मेद हा निरुपद्रवी गाठोड्यासारखा पडून राहत नाही. तो रक्तात नाना प्रकारची द्रव्ये सोडतो, त्यामुळे इन्सुलिनचे काम बिघडते, साखर चढते, रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आतून खराब होतात. झोपेत श्वास अडखळतो, गुडघे झिजतात. काही प्रकारच्या कर्करोगांचा संभवही अतिमेदाने वाढतो, हे आता सिद्ध आहे. म्हणून हल्लीचे वैद्य काट्याबरोबर शिंप्याची फीतही वापरा असे सांगतात. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे गेली की जपले पाहिजे. २०२५ च्या आरंभी 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञमंडळानेही हेच म्हटले: नुसत्या निर्देशांकावर व्यक्तीचे निदान करू नये, कंबर वगैरे मोजून पाहावी, आणि मेदाने खरोखरच अवयवांचे काम बिघडले आहे की केवळ पुढे बिघडण्याचा संभव आहे हा भेद करावा. समूहाविषयी जे सत्य आहे ते व्यक्तीपुढे प्रश्न म्हणून ठेवावे, निर्णय म्हणून नव्हे, असा याचा अर्थ आम्ही करतो.

हा भेद आम्हाला पुस्तकातून कळला असता तर बरे झाले असते. येथल्या महाराष्ट्र मंडळात आमचे एक स्नेही आहेत. अंगाने चांगलेच स्थूल. गणेशोत्सवातल्या नाटकात सावकाराचे काम त्यांच्याकडे न विचारता जाई, आणि पंगतीत त्यांच्या पानावर पुरणपोळी वाढताना काहीतरी बोलले नाही तर वाढणाऱ्याला चैन पडत नसे. त्या बोलण्यात आम्ही सर्वांच्या पुढे असू, हे कबूल केले पाहिजे. ते स्वतःही हसत. पुढे एका वर्षी त्यांना वाचताना अक्षरे मधूनच पुसल्यासारखी दिसू लागली. नेत्रतज्ज्ञाने डोळ्यांचा पडदा पाहून विचारले, मधुमेह किती वर्षांचा आहे? त्यांना तो असल्याचेच माहीत नव्हते. रोग पुष्कळ वर्षांचा होता. एवढी वर्षे तपासणी का केली नाहीस, असे आम्ही रागावून विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे, तिथे आधी काट्यावर उभे करतात. मग सर्दी असो, पाठ दुखो, उत्तर एकच. ते तर मला इथे पंगतीतही मिळते."

त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी आता फार थोडी उरली आहे. याचा दोष आम्ही सगळा स्वतःकडे घेत नाही. तसे करणे हाही एक प्रकारचा अहंकार होईल. पण आमची थट्टा त्यांच्या आणि वैद्याच्या दारामध्ये उभी राहिली होती, हे नाकारता येत नाही. ज्या गोष्टीने त्यांना सावध करावे अशी आमची बतावणी होती, तिनेच त्यांना लपावयास लावले. आणि कथेचा उरलेला भाग असा की, त्यांच्या धास्तीने आम्हीही रक्त तपासून घेतले. आमचा निर्देशांक २२ च्या आसपास. ज्याला सडपातळ म्हणतात त्या जातीचे आम्ही. साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी फीत लावली. हातपाय काटकुळे आणि कंबर ९३. सावकाराच्या भूमिकेवर हसणाऱ्यांच्या पोटातही तीच तिजोरी होती, फक्त सदऱ्याआड.

कोणी म्हणेल, अपवाद सोडा; पण सामान्यतः मनुष्य अधिक खातो म्हणून जाड होतो, आणि खाणे हे त्याच्या हातात आहे, तेव्हा दोष त्याचाच. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. त्याला उत्तर म्हणून पुन्हा अँसेल कीज यांच्याकडेच जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ आणि १९४५ साली, त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीचा एक प्रयोग केला. युद्धामुळे भुकेने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे शोधणे हा उद्देश. त्यासाठी ३६ तरुण स्वेच्छेने पुढे आले. हे सारे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणारे. देशभर युद्धाचा ज्वर असताना, लोकांची निंदा सोसून जे आपल्या तत्त्वाला चिकटून राहिले, त्यांच्या मनोनिग्रहाबद्दल शंका घेता येईल काय? त्यांना २४ आठवडे जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवण्यात आले. थोड्याच दिवसांत अन्नावाचून त्यांना दुसरे काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचीत बसत, ताटल्या चाटीत. नियम मोडून खाल्ल्यामुळे काहींना वगळावे लागले. प्रयोग संपल्यावर पुष्कळांनी अनावर खाल्ले, आणि त्यांच्या अंगावरची चरबी पूर्वीपेक्षाही वाढली. भूक ही इच्छाशक्तीच्या हाताखालची कारकून नाही. तिचे खाते निराळे आहे.

आता तर वजन कमी करण्यासाठी भूक मंदावणारी इंजेक्शने निघाली आहेत; २०२५ सालापासून ती भारतातही मिळू लागली. ती घेणारे सांगतात की जन्मभर कानाशी चाललेली अन्नाची कुजबुज एकाएकी थांबली. ज्यांच्या कानाशी ती कधी चाललीच नाही, त्यांनी आपल्या सडपातळपणाला संयम हे नाव दिलेले असते.

आपल्या प्राचीनांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अष्टौनिंदितीय नावाचा एकविसावा अध्याय आहे. लोकांत निंदिल्या जाणाऱ्या आठ देहांची यादी त्यात दिली आहे: फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार स्थूल, फार कृश. या यादीत आम्हाला मोठे शहाणपण दिसते. स्थूल माणूस येथे चोर, लबाड किंवा आळशी यांच्या पंगतीला बसविलेला नाही. ज्याने आपली उंची किंवा रंग निवडलेला नाही त्याच्या शेजारी बसविलेला आहे. मग ग्रंथकार निंदा बाजूला ठेवतो आणि स्थूल व कृश या दोघांच्याच चिकित्सेकडे वळतो. स्थूलतेने आयुष्य घटते, हे तो स्पष्ट सांगतो. कारणांमध्ये अतिभोजन, गोड आणि स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही तर आहेतच. पण सदा आनंदी असणे आणि चिंता न करणे हीही आहेत. (या शेवटच्या कारणाने सरकारी अधिकारी जाड झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.) आणि यादीच्या अखेरीस "बीजस्वभाव" आहे, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती. इतकेच नव्हे, तर मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात अग्नी प्रदीप्त करतो आणि स्थूलाची भूक वाढतच जाते, असेही तो म्हणतो. त्याचे शरीरशास्त्र आज आपण मानीत नसू. पण भूक हे स्थूलतेचे कारणही आहे आणि परिणामही, हे त्याने पाहिले होते.

मग मनुष्य जबाबदार नाहीच काय? असे आम्हाला म्हणावयाचे नाही. कारण आणि दोष यांत अंतर आहे, तसेच दोष आणि जबाबदारी यांतही आहे. पावसाळ्यात छप्पर गळते तो घरमालकाचा अपराध नसेल, पण खाली भांडे त्यालाच ठेवावे लागते. लंडनच्या बसगाड्यांवर जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना, जिने चढउतर करणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयविकार अधिक होत होता. त्याच अभ्यासात टपाल खात्यातले बसून काम करणारे कारकून आणि पायी हिंडणारे पोस्टमन यांतही असाच फरक दिसला. तीन वर्षांनी मॉरिस आणि त्यांचे सहकारी चालकांच्या गणवेशाची मापे काढून पाहतात तो काय, नोकरीस लागतानाच चालकांच्या विजारी वाहकांपेक्षा कमरेला मोठ्या होत्या! म्हणजे खुर्चीने माणूस जाड केला की जाड माणूस खुर्चीकडे गेला, हे एका वाक्यात सांगता येत नाही. तरी ज्याला खुर्ची मिळाली आहे त्याने उठून चालावे, हे मात्र एका वाक्यात सांगता येते. ते ज्याचे त्याने स्वतःला सांगावयाचे.

नीतीच्या दृष्टीने हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. स्वतःपुरते बोलताना "बीजस्वभाव" ही सबब म्हणून पुढे करणे अप्रामाणिकपणाचे आहे, आणि दुसऱ्याबद्दल बोलताना तीच गोष्ट विसरणे हे अन्यायाचे. पण आपली रीत नेमकी उलटी असते. आपले पोट सुटते ते बदल्या, बैठका, खानसाम्याचे तेल आणि परक्या गावातला एकटेपणा यांमुळे. दुसऱ्याचे सुटते ते जिभेमुळे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया २५ च्या रेषेवर आढळल्या आणि जवळजवळ १९ टक्के १८.५ च्या खाली. एकाच देशात, पुष्कळदा एकाच गल्लीत. या दोन्हींचा हिशेब जिभेवर मांडून संपणार नाही.

येथे एक अडचण उरते, ती आम्ही झाकून ठेवीत नाही. कोणीच काही बोलले नाही तर ज्याला धोका आहे त्याला सांगणार कोण? मौन हेही कधी कधी सोय पाहणेच असते. वैद्याने सांगावे, पत्नीने सांगावे, हे खरे. परंतु परमुलखात एकट्या राहणाऱ्या माणसाला मंडळातला मित्र हाच पुष्कळदा घरचा मनुष्य असतो. त्याने काय करावे? आमच्याजवळ याचे सिद्ध उत्तर नाही. इतके मात्र वाटते की, ज्या गोष्टीसाठी आपण स्वतःची बाही वर केलेली नाही, ती दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार थोडा असतो. "चल, मी रक्त द्यायला निघालो आहे, तूही ये," असे आम्ही दहा वर्षांपूर्वी म्हटले असते तर त्यांनी नाही म्हटले असते, असे आम्हाला वाटत नाही.

हल्ली सकाळी आम्ही दोघे वसाहतीमागच्या तलावाला एक फेरी घालतो. डाव्या बाजूचे त्यांना नीट दिसत नाही, म्हणून आम्ही त्या बाजूने चालतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोघेही उपाशीपोटी रक्त देतो आणि मग कोपऱ्यावरच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा घेतो. "तुझी किती?" असे ते विचारतात, आम्ही आकडा सांगतो, मग ते आपला सांगतात. गेल्या महिन्यात आमचा त्यांच्यापेक्षा जास्त होता, आणि त्याचा त्यांना झालेला आनंद त्यांनी मुळीच लपविला नाही. वजनाचा आकडा आम्ही अजून विचारलेला नाही.